चौघांनी उचललेला माणूस



गेले काही महिने आमच्याबद्दल धर्मग्रामात कुजबूज चालू आहे, हे आमच्या कानावर आले आहे. वेदीच्या तीन पायऱ्या चढल्यावर फादर क्षणभर का थांबतात, लांब प्रार्थना म्हणताना मध्येच त्यांचा आवाज का तुटतो, आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला चालत येणारे फादर हल्ली रिक्षाने का येतात, असे प्रश्न तुम्ही एकमेकांना विचारता. आम्हाला मात्र संकोचाने विचारत नाही. तेव्हा आज आधी खुलासा करतो आणि मग त्याच वाटेने शुभवर्तमानाकडे वळू.

आमच्या हृदयाची एक झडप, जिला आपण सारे 'व्हॉल्व्ह' म्हणतो, निकामी होत आली आहे. ती काढून तिच्या जागी कृत्रिम झडप बसवावी लागणार आहे. पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतील एका रुग्णालयात ही शस्त्रक्रिया ठरली आहे. आमचे वय 46 आहे. या वयाचे कितीतरी कर्ते पुरुष आणि स्त्रिया आपल्या धर्मग्रामात आहेत. मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते, आईवडिलांची औषधे हे सारे ज्यांच्या खांद्यावर आहे, त्या वयात माणसाला आपल्या शरीराकडे बघायला सवड नसते. म्हणून हे पत्र आम्ही आपल्याबद्दल लिहीत असलो, तरी ते तुमच्याबद्दलही आहे.

एका दाराचे दुखणे

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. झडप म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार. रक्त पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच तिचे काम. हे काम ती दिवसाला सुमारे एक लाख वेळा करते. आमची जी झडप बिघडली आहे, तिचे नाव 'मायट्रल'. सोळाव्या शतकात व्हेसेलियस या शरीरशास्त्रज्ञाला ती बिशपांच्या डोक्यावरील मायटर टोपीसारखी दिसली, म्हणून हे नाव पडले. आमच्या नशिबी बिशपांची टोपी अशा रीतीने आली, असे आम्ही आमच्या सहायक धर्मगुरूंना म्हटले, तेव्हा ते बिचारे हसावे की नाही या विचारात पडले.

धडधाकट माणसात हे दार 4 ते 6 चौरस सेंटिमीटर उघडते. आमचे जेमतेम 1 चौरस सेंटिमीटर उघडते आणि नीट मिटतही नाही. त्यामुळे रक्त फुप्फुसांकडे तुंबते आणि धाप लागते. काहींचे असे दार फुग्याने रुंद करता येते. आमच्या झडपेवर चुना साचला आहे आणि ती गळतेही, म्हणून तो उपाय आम्हाला लागू नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून झडप बसवता येत नाही का, असे दोघातिघांनी विचारले. ती पद्धत प्रामुख्याने दुसऱ्या एका झडपेसाठी आणि वयस्कर रुग्णांसाठी वापरली जाते. आमची छाती उघडावीच लागेल.

याचे मूळ आमच्या बालपणात आहे. 1988 साली, नऊ वर्षांचे असताना, आमचा घसा दुखला, ताप आला आणि दोनतीन आठवड्यांनी गुडघे सुजले. सूज एका गुडघ्यातून दुसऱ्यात जाई. वाढत्या वयाचे दुखणे म्हणून आई रोज रात्री गुडघ्यांना खोबरेल तेल चोळायची. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतूंशी लढताना शरीर चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर हल्ला करते. सांधे बरे होतात, हृदयावरचा डाग राहतो. पुढे एका डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सांगितले. आम्ही ते काही महिने घेतले. दुखणे थांबले, तसे इंजेक्शनही थांबले.

हे ऐकल्यावर आमची आई, जी आज चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, रडली. म्हणाली, "मला कळायला हवे होते रे." आम्ही तिला म्हटले, "आई, तुला जेवढे ठाऊक होते तेवढे तू केलेस." तिचा दोष नाही. पण आज ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी दुर्लक्ष करू नये. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा दुखून ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी दिलेले औषध पूर्ण करा. घशानंतर सांधे सुजले, तर त्याच दिवशी न्या. इंजेक्शने सांगितली असतील, तर दुखणे गेले म्हणून ती सोडू नका. दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांत हा आजार अधिक पसरतो, म्हणून आपल्या धर्मग्रामात भाड्याच्या खोल्यांत राहायला आलेल्या शेजाऱ्यांनाही हे सांगा. ते कोणत्या धर्माचे आहेत, हे पाहू नका.

कोणते हृदय मागावे?

डॉक्टरांनी आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले. एक कार्बन आणि धातूची झडप. ती बहुधा जन्मभर टिकते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज, आयुष्यभर घ्यावी लागते आणि ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. दुसरी झडप डुकराच्या झडपेपासून किंवा गाईच्या हृदयावरील आवरणापासून बनवलेली. तिला ती गोळी सहसा कायमची लागत नाही, पण ती साधारण दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि मग पुन्हा झडप बसवण्याची वेळ येते. सत्तरी ओलांडलेल्याला दुसरी झडप सोयीची. पंचविशीतल्या जिला मूल हवे आहे, अशा स्त्रीचा विचार वेगळा, कारण ती गोळी गर्भाला अपाय करू शकते. मधल्या वयात मात्र निवड कठीण होते. एकीकडे रोजची गोळी, दुसरीकडे साठीच्या आसपास पुन्हा उघडावी लागणारी छाती.

डुकराच्या झडपेचे ऐकून काहींनी भुवया उंचावल्या. पोप बारावे पायस यांनी 1956 सालीच स्पष्ट केले होते, की प्राण्याच्या शरीराचा भाग माणसाला लावणे हे सरसकट अनैतिक नाही. व्हॅटिकनच्या जीवनविषयक अकादमीने 2001 साली या विषयाचा सविस्तर विचार करून तीच दिशा धरली. तेव्हा कुणाच्या घरी हा प्रश्न आला, तर मनात किंतु ठेवू नये.

आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिली झडप निवडली आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात देव आपल्या लोकांना अभिवचन देतो, की तो त्यांचे दगडाचे हृदय काढून त्यांना मांसाचे हृदय देईल. आमचा प्रवास उलट दिशेने चालला आहे. मांसाची झडप जाणार आणि कार्बनची येणार. पण देवाला जे हृदय हवे आहे, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर घडत नाही, हे आपण जाणतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये येशूच्या पवित्र हृदयावर जे परिपत्र दिले, त्यात हृदय म्हणजे माणसाचे केंद्र, जिथे तो खरोखर स्वतः असतो ते ठिकाण, या अर्थाने ते बोलले आहेत. त्या केंद्रातही एक दार आहे. कुणाचे दार उघडतच नाही, त्याच्याकडून दुसऱ्यापर्यंत काही पोहोचत नाही. कुणाचे दार नीट मिटत नाही, तो दिलेले परत ओढून घेतो; उपकार करतो आणि दहा वेळा ऐकवतो. आमच्या झडपेला हे दोन्ही रोग आहेत. आमच्या स्वभावालाही आहेत, हे तुम्हाला अनुभवाने ठाऊक आहे.

माणसाच्या हातून देव काय करवून घेतो, याचेही नवल वाटते. 1960 साली अमेरिकेतील पोर्टलंड शहरात डॉ. अल्बर्ट स्टार आणि लोवेल एडवर्ड्स नावाचे निवृत्त अभियंते यांनी पिंजऱ्यात चेंडू असलेली झडप तयार केली. पहिली रुग्ण काही तासांतच दगावली. त्यानंतरचा बावन्न वर्षांचा रुग्ण मात्र त्या झडपेवर आणखी दहा वर्षे जगला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय झडप बनवायला घेतली. आधीच्या तीन रचना फसल्या, चौथी साधली, आणि 1990 साली ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. परदेशी झडप ज्यांना परवडत नव्हती, अशा हजारो गरिबांच्या छातीत ती आज चालते आहे. अपयशानंतर पुन्हा कामाला लागणे, हीदेखील एक प्रार्थनाच आहे.

भीतीविषयी

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. प्लेटोच्या 'फेडो' या संवादात मरण्याच्या दिवशी सॉक्रेटिस आपल्या मित्रांना सांगतो, की तत्त्वज्ञान म्हणजे मरणाचाच सराव आहे. मग तो शांतपणे विषाचा पेला पितो. त्या प्रश्नाला आम्हाला उत्तम गुण मिळाले होते. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी समजावून सांगितले, की शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय थांबवतात आणि तेवढा वेळ रक्त फिरवण्याचे काम यंत्र करते. त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. छातीवर हात ठेवून आम्ही ठोके मोजत राहिलो. ते उत्तम गुण काही उपयोगी पडले नाहीत.

मग गेथसेमनी बागेची आठवण झाली. तिथे आपला प्रभू सॉक्रेटिससारखा शांत नाही. तो जमिनीवर पडतो, घामाघूम होतो, हा प्याला टळावा म्हणून पित्याला विनवतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात त्याच्या आक्रोशाचा आणि अश्रूंचा उल्लेख आहे. भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी पडली, असे आम्ही आजवर कुणा आजाऱ्याला बोललो असू, तर आज त्याची क्षमा मागतो. प्रभूला भीती वाटली आणि ती त्याने लपवली नाही. त्याने तिघा मित्रांना जवळ बोलावले आणि जागे राहायला सांगितले.

आम्ही मात्र लपवली. निदान झाल्यावर पाच आठवडे आम्ही कुणालाही सांगितले नाही. आईला नाही, महागुरुस्वामींना नाही, एकाच छताखाली राहणाऱ्या सहायक धर्मगुरूंनाही नाही. तुम्हाला काळजी नको, असे कारण आम्ही मनाशी धरले होते. खरे कारण वेगळे होते. आम्हाला उचलणारा माणूस व्हायची सवय आहे, उचलला जाणारा नव्हे.

खाटल्यावरचा माणूस

संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम गावची गोष्ट आहे. पक्षाघात झालेल्या एकाला चौघे जण उचलून आणतात. गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, तेव्हा ते छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. शुभवर्तमानकार म्हणतो, की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या आजाऱ्याच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्दही नाही. कदाचित तो घाबरला असेल. कदाचित त्याला यायचेच नसेल. चौघांचा विश्वास त्याच्या कामी आला.

आपल्या भाषेत माणसाला चौघांनी उचलले, असे म्हटले की मनात एकच चित्र येते. ते चित्र आपण देवळापासून दफनभूमीपर्यंत अनेकदा पाहिले आहे. पण शुभवर्तमानातले हे चौघे जिवंत माणसाला उचलतात आणि तो वेळेवर येशूपर्यंत पोहोचावा म्हणून धडपडतात. चौघांनी उचलण्यासाठी मरेपर्यंत थांबायची गरज नाही.

नेमके हेच आपण रुग्णाभ्यंगाच्या बाबतीत विसरतो. जुने लोक त्याला शेवटचे तेल म्हणत, आणि ते नाव अजून आपल्या मनातून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 साली स्पष्ट सांगितले, की हा संस्कार केवळ अगदी शेवटच्या घटका मोजणाऱ्यांसाठी नाही. पोप सहावे पॉल यांनी 1972 साली त्याचा विधी नव्याने ठरवून दिला. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात तर गंभीर शस्त्रक्रियेपूर्वी हा संस्कार घेणे उचित आहे, असे म्हटले आहे. संत याकोब आपल्या पत्रात आजाऱ्यानेच वडीलजनांना बोलावून घ्यावे, असे सांगतात. म्हणजे आजारी माणूस शुद्धीवर असावा, बोलू शकावा, हे त्यात आलेच.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना आम्हाला रात्री दीड वाजता फोन आला. आम्ही पोहोचलो, तेव्हा घरचे आजोबा बेशुद्ध होते. चार दिवसांपासून त्यांची प्रकृती ढासळत होती. थोरला मुलगा म्हणाला, "फादर, आधीच बोलावणार होतो. पण तुम्हाला बघून बाबा घाबरले असते." आम्ही तेल लावले, प्रार्थना केली. पहाटे ते गेले. आयुष्यभर रोजची मिस्सा न चुकवणाऱ्या त्या माणसाला कुमसार करायचे होते का, कुणाला काही सांगायचे होते का, हे त्याला कुणी विचारलेच नाही. परतताना आम्हाला त्या मुलाचा राग आला होता.

परवा आमच्या सहायक धर्मगुरूंनी आम्हाला विचारले, "फादर, रुग्णाभ्यंग घेणार ना?" आम्ही पटकन म्हणालो, "बघू, एवढी घाई काय आहे?" शब्द तोंडातून गेले आणि आम्ही गप्प झालो. ज्या मुलाचा राग आला होता, त्याच्या जागी आम्हीच उभे होतो. बावीस वर्षे दुसऱ्यांच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावणारा माणूस स्वतःचे कपाळ पुढे करायला कचरत होता.

धर्मगुरूला स्वतःला पापक्षमा देता येत नाही आणि स्वतःला तेलही लावता येत नाही. त्यासाठी त्याला दुसऱ्यापुढे जावेच लागते. ख्रिस्तसभेने ही व्यवस्था किती शहाणपणाने ठेवली आहे, ते आम्हाला आता कळते आहे. पुनरुत्थित प्रभूने पेत्राला सांगितले होते, की तू म्हातारा झालास म्हणजे हात पसरशील आणि दुसरा तुला नेसवून, जिथे तुला जायचे नाही तिथे नेईल. आम्हाला ते वचन मधल्याच वयात गाठते आहे. रुग्णालयाचा सैल अंगरखा घालून, ढकलगाडीवर निजून, आम्हाला जायचे नाही त्या खोलीत दुसरेच कुणी नेणार आहेत. पण त्या वाक्यानंतर प्रभूने पेत्राला आपल्यामागे येण्यास सांगितले. याचा अर्थ, ढकलगाडीवर निजूनही त्याच्यामागे जाता येते.

काही विनंत्या

येत्या रविवारी साडेआठच्या मिस्सेत शेजारच्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू आम्हाला रुग्णाभ्यंग देतील. हे खाजगीत उरकायचे नाही, असे आम्ही ठरवले आहे. तुमच्या घरी कुणाची मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, कुणी दीर्घ आजारी असेल, कुणी वार्धक्याने थकले असेल, तर त्यांना आमच्याबरोबर पुढल्या बाकांवर आणून बसवा. ज्यांना आणता येत नाही, त्यांची नावे मिस्सेनंतर सहायक धर्मगुरूंना द्या. ते घरी येतील. त्यांना दारात पाहून कुणी घाबरू नये आणि घाबरवू नये.

शस्त्रक्रियेला रक्त लागते. युवकांनी त्या रुग्णालयाच्या रक्तपेढीत जाऊन रक्तदान करावे. ते आमच्याच अंगात जाईल असे नाही. जाईल त्याच्या जाईल. वेदीवर प्रभूने आपले रक्त देताना कुणाचे नाव विचारले नव्हते.

रुग्णालयात गर्दी करू नये. आमच्यासाठी नवस बोलायचा असेल, तर देवाशी सौदा करू नका. रमेदी माऊलीकडे जरूर जा, पण तिथे आमची झडप नीट बसावी एवढेच न मागता, जे होईल ते स्वीकारायचे बळही मागा. ज्यांच्या घरी असेच दुखणे असून पैशाअभावी टाळाटाळ चालली आहे, त्यांनी आम्हाला येऊन भेटावे. झडप बदलण्याची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते. कागदपत्रांसाठी मदत करणारी माणसे आपल्या धर्मग्रामात आहेत.

परत आल्यावर निदान दोन महिने आम्हाला जड काही उचलता येणार नाही. बाप्तिस्म्याला आलेल्या गुटगुटीत बाळाला आईच्याच हातात ठेवावे लागेल. पालेभाजी आणणाऱ्या माऊल्यांना विनंती, की एका दिवशी मेथी-पालकाच्या दहा जुड्या आणि मग महिनाभर काही नाही, असे करू नका. त्या गोळीला पालेभाजी चालते, पण आठवड्यागणिक सारख्याच प्रमाणात. आणि अर्पणाच्या वेळी, देवळात अगदी शांतता असताना, वेदीकडून बारीक टिकटिक ऐकू आली, तर पुढल्या बाकांवरील मुलांनी हसू नये. ते घड्याळ नाही. ती आमची नवी झडप असेल.

प्रभूच्या मनात काही वेगळे असेल, तर तेही त्याच्या हातात आहे. आमचे इच्छापत्र लिहून झाले आहे आणि ज्यांच्याशी आमचे बोलणे तुटले होते, अशा दोघांना आम्ही जाऊन भेटलो आहोत. तिसरे राहिले आहेत. ते हे पत्र वाचत असतील, तर त्यांनी आमची वाट पाहू नये. आम्हाला जिना चढवत नाही, तुम्हीच या.

कफर्णहूमच्या त्या चौघांची नावे शुभवर्तमानात दिलेली नाहीत. आम्ही ती जागा रिकामी समजतो आणि तिथे तुमची नावे घालतो. खाटेचा एकेक कोपरा धरा. छप्पर उघडणारा आणि आत बोलावणारा तोच आहे.

दयाळू पिता तुमचे आणि तुमच्या घरच्या आजाऱ्यांचे रक्षण करो. पवित्र मरिया, आजाऱ्यांची आशा, आपणा सर्वांसाठी विनंती करो. आमेन.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू